सराव पाठ, निरीक्षणं आणि ‘समजलं का?’: चांगलं शिकवणं ओळखायचं कसं?

नवी_इयत्ता

शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतेय. सध्या निरीक्षणांचा टप्पा चालू आहे, म्हणजे मागच्या बाकावर बसून अनुभवी शिक्षकांचा तास बघायचा आणि निरीक्षण तक्ता भरायचा. जोडीला स्वतःचे सराव पाठ आहेतच. ह्या काळात मनात बरंच साचलंय, ते इथे मांडते. इथे शिकवणारे पुष्कळ जण आहेत, आणि ज्यांची मुलं शाळेत जातात असेही.

एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या, दोन शिक्षिका, घटक एकच: हातच्याची वजाबाकी, तीही मधे शून्य असलेली.

पहिल्या वर्गात सगळं देखणं होतं. रंगीत तक्ता, सुवाच्य फलकलेखन, खणखणीत आवाज. बाईंनी दोन उदाहरणं फळ्यावर सोडवली. प्रत्येक पायरीला ‘समजलं का?’ विचारलं, वर्गाने एका सुरात ‘होऽऽ’ म्हटलं. मग तिसरं उदाहरण घातलं, हात वर केलेल्या एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं, तिने बिनचूक सोडवलं, टाळ्या झाल्या. गृहपाठ दिला आणि तास अगदी वेळेत संपला.

दुसऱ्या वर्गात तक्ता वगैरे काही नव्हतं. बाईंनी फळ्यावर एकच उदाहरण लिहिलं, ५०३ − २७८, आणि सगळ्यांना कागदाच्या चिटोऱ्यावर सोडवायला सांगितलं. नाव घालायचं नाही. मुलं सोडवत होती तोवर त्या रांगांमधून फिरत राहिल्या, तोंडातून शब्द नाही. मग चिटोरी गोळा केली, टेबलावर भराभर तीन गठ्ठे केले आणि फळ्यावर दोन उत्तरं लिहिली: २२५ आणि ३७५. म्हणाल्या, “ही दोन उत्तरं सगळ्यात जास्त आलीत. ३७५ ज्यांनी काढलंय त्यांनीही विचार करूनच काढलंय. काय विचार केला असेल?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत. मग एक मुलगा म्हणाला, “तिनातून आठ जात नाहीत ना, म्हणून आठातून तीन काढले असतील.” दुसरी म्हणाली, “आणि शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच ठेवले.” बाई म्हणाल्या, “बरं. मग ३७५ मध्ये २७८ मिळवून बघा, ५०३ येतात का.” मुलांनी बेरीज केली. ६५३ आले. वर्गात एकदम कुजबुज सुरू झाली. शून्याकडे उसने द्यायला काहीच नाही, मग मागायचं कुणाकडे, इथवर गाडी आली आणि घंटा झाली. घटक अर्धाच राहिला.

आता आमच्या तक्त्यातले रकाने असे: पूर्वतयारी, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, आवाज, वर्गनियंत्रण, वेळेचं नियोजन, घटक पूर्ण झाला का. ह्या हिशेबाने पहिल्या तासाला भरघोस गुण मिळतात आणि दुसऱ्याला जेमतेम. मला मात्र दुसरा तास कितीतरी सरस वाटला. तास संपताना त्या बाईंना वर्गाची नेमकी अवस्था माहीत होती: कितीजणांना येतंय, कितीजणांना येत नाही आणि न येणाऱ्यांचं घोडं कुठे अडलंय. पहिल्या बाईंना एका मुलीला येतं एवढंच ठाऊक होतं, आणि तिला बहुधा आधीपासूनच येत असावं. ‘समजलं का?’ला आलेल्या ‘हो’मधून काय कळणार? ३७५ काढणारं मूलही तेवढ्याच खात्रीने ‘हो’ म्हणतं, कारण त्याच्या मते त्याला समजलेलंच असतं.

इतर तासांतही हाच फरक पुन्हा पुन्हा दिसतोय. काही शिक्षक आधी मुलाचं नाव घेतात आणि मग प्रश्न विचारतात. नाव उच्चारलं की त्याच क्षणी बाकीच्यांची सुटका होते. तोच प्रश्न आधी सगळ्यांसमोर ठेवला, थोडं थांबलं आणि मग नाव घेतलं, तर प्रत्येकाला विचार करावाच लागतो. काही जण बरोबर उत्तर येईपर्यंत एकामागून एक मुलं उठवत जातात आणि ते आलं की ‘शाब्बास’ म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळतात. मधे आलेली चार चुकीची उत्तरं तशीच हवेत विरतात. खरं तर शिकवायला सगळ्यात उपयोगी माल तोच होता!

मला आत्ता जे वाटतं ते असं: मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे शिक्षकाला कळलं पाहिजे, आणि कळल्यावर त्याचं पुढचं पाऊल त्यानुसार बदललं पाहिजे. तक्ते, खडू, आवाज हे सगळं त्याच्या मदतीला. तुम्ही एखादा तास चांगला की वाईट हे कशावरून ठरवता?

गणितवेडा

उत्तम धागा. ३७५ वरून राहवलं नाही म्हणून लगेच लिहितोय.

ही चूक जगभरच्या गणित शिक्षकांच्या ओळखीची आहे. ब्राऊन आणि बर्टन ह्या दोन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. मुलं वाट्टेल तशी चुकत नाहीत, बहुतेक वेळा ती एक ठरावीक, पण चुकीची रीत इमानाने पाळत असतात, हे त्यातून पुढे आलं. प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, ही त्यातली एक गाजलेली रीत. तुमच्या वर्गातल्या मुलांनी नेमकं तेच केलं: ५ मधून २ गेले ३, ७ मधून ० गेला ७, ८ मधून ३ गेले ५.

ह्याचा अर्थ असा की अशा मुलाला ‘नीट लक्ष दे’ सांगून काडीचा उपयोग नाही. त्याचं लक्ष आहेच. ‘अजून वीस उदाहरणं सोडवून आण’ म्हणणं तर त्याहून घातक, कारण ते चुकीची रीत वीस वेळा घोटून आणतं. त्याला दाखवायला हवं ते हे: ५०३ म्हणजे ५ शतकं, ० दशकं, ३ एककं. एक शतक मोडलं की १० दशकं, त्यातलं एक दशक मोडलं की १० एककं. म्हणजे ४ शतकं, ९ दशकं, १३ एककं. रक्कम तीच, मांडणी नवी. काड्यांचे गठ्ठे प्रत्यक्ष सोडून दाखवले की शून्याचे नऊ कुठून आले हा प्रश्न उरत नाही. नुसतं ‘शेजाऱ्याकडून उसने घे’ पाठ केलेल्या मुलाची शून्यापाशी हमखास दांडी उडते.

त्या बाईंची निवडही बघा. त्यांनी ५८७ − २४३ घातलं असतं तर चुकीच्या रीतीने सोडवणाऱ्यांचंही उत्तर बरोबर आलं असतं आणि बाईंना काहीच कळलं नसतं. चुकीच्या समजुतीने सोडवलं तर उत्तर वेगळं यायलाच हवं, असा प्रश्न शोधून काढणं ही मला शिकवण्यातली सगळ्यात अवघड कारागिरी वाटते. दशांश अपूर्णांकांतही तेच. ‘०.६५ मोठा की ०.४?’ हा प्रश्न निकामी आहे. ६५ हे ४ पेक्षा मोठे, एवढ्याच विचाराने मूल बरोबर उत्तर देऊन मोकळं होतं. ‘०.६ मोठा की ०.४२?’ विचारा, लगेच कळेल कोण कुठे आहे.

लेकीची_आई

वाचतेय. प्रतिसाद सवडीने.

जुनी_पाटी

नवी_इयत्ता, तुमचं निरीक्षण बारीक आहे आणि त्या दुसऱ्या बाईंबद्दल मलाही आदर वाटला. पण काही गोष्टी स्पष्ट लिहिते, कारण नव्या शिक्षकांना प्रशिक्षणात काही कल्पना एकांगी शिकवल्या जातात असं मी पाहत आलेय.

‘कमी बोलतो तो चांगला शिक्षक, जास्त बोलतो तो वाईट’ ही त्यातली एक. बराक रोझेनशाईन ह्या अमेरिकन अभ्यासकाचा २०१२ सालचा अध्यापनाच्या तत्त्वांवरचा लेख प्रसिद्ध आहे. त्यात गणित शिक्षकांच्या एका अभ्यासाचा दाखला दिलाय. सर्वांत प्रभावी शिक्षक ४० मिनिटांच्या तासातली साधारण २३ मिनिटं समजावून सांगणं, करून दाखवणं, प्रश्न विचारणं आणि उदाहरणं सोडवून दाखवणं ह्यात घालवत होते. सर्वांत कमी प्रभावी शिक्षक नवं शिकवण्यात जेमतेम ११ मिनिटं घालवून मुलांना स्वाध्यायाला जुंपत होते. मग मुलं अडत आणि शिक्षक एकेकापाशी जाऊन तेच तेच सांगत बसत. सांगावं तिथे नीट, सावकाश, छोट्या टप्प्यांत सांगावंच लागतं. नवं शिकणाऱ्यापुढे सोडवलेलं उदाहरण ठेवणं हे त्याला आयतं देणं नव्हे. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ सालीच बीजगणितात दाखवलं होतं की नवशिक्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर ती नुसती सोडवायला देण्यापेक्षा जास्त लागू पडतात.

दुसरं, एका सुरात उत्तर देणं सरसकट वाईट नाही. पाढे, कविता, उच्चार ह्यांत ते हवंच. बुजरं मूल त्या घोळक्यात पहिल्यांदा तोंड उघडतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

आणि तिसरं, साठ मुलांचा वर्ग. घंटा झाली तेव्हा घटक अर्धा राहिला हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. त्या बाईंना तो अर्धा घटक दुसऱ्या दिवशी भरून काढायचा आहे, आणि त्यासाठी पुढचं काहीतरी आखडतं घ्यायचं आहे. त्या ओढाताणीबद्दलही कुणीतरी लिहायला हवं.

नवी_इयत्ता

जुनी_पाटी, इतक्या सविस्तर प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. सांगण्याबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पहिल्या बाईंचं समजावून सांगणं खरोखर सुरेख होतं. त्यांनी तिथेच थांबून प्रत्येक मुलाकडून एक उत्तर घेतलं असतं, तर तो मी पाहिलेला सर्वोत्तम तास ठरला असता.

तुमच्या मुद्द्यावरून वर्गातलं बोलणं मोजायची फ्लँडर्स यांची पद्धत आठवली. प्रशिक्षण घेतलेल्या सगळ्यांनाच ही पद्धत परिचित असेल: दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याचा आकडा टिपत जायचा. दहा प्रकार, त्यातले पहिले सात शिक्षकांच्या बोलण्याचे, आठवा आणि नववा विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, दहावा शांतता किंवा गोंधळ. कोण किती बोलतंय हे कळायला ती चांगलीच आहे. पण मी ती ह्या दोन तासांना लावून पाहिली. ‘समजलं का?’ हा प्रश्न, म्हणजे ४. ‘होऽऽ’ हा विद्यार्थ्यांचा प्रतिसाद, म्हणजे ८. कागदावर ४, ८, ४, ८ अशी छान आंतरक्रिया दिसते. आणि दुसऱ्या वर्गात मुलं ३७५ चा विचार करत होती ती सगळी शांतता १० मध्ये जाते, गोंधळाच्याच खात्यात. त्या तासातला सगळ्यात मोलाचा भाग तिथेच होता!

शंकेखोर

मी भाषा शिकवतो. गणितात ३७५ तरी दिसतं, भाषेत चूक इतकी उघडी पडत नाही हे दुखणं आहे. उतारा वाचला, खाली प्रश्न: ‘राजा का चिडला?’ मूल उताऱ्यातलं ‘राजा चिडला, कारण’च्या पुढचं वाक्य उचलून ठेवतं. उत्तर बरोबर, अर्थाचा पत्ता नाही. म्हणून मी आता उताऱ्यात जे सरळ लिहिलेलं नाही तेच विचारतो. ‘प्रधानाला हे आधीपासून ठाऊक होतं असं तुला कुठल्या वाक्यावरून वाटतं?’ इथे वाक्य उचलूनच द्यायचं असतं, पण निवडायला अर्थ लागावा लागतो.

एक प्रश्न धागाकर्तीला आणि इतरांना. पाठ टाचणात अजूनही ‘दृश्य, श्राव्य आणि कृतीतून शिकणाऱ्या मुलांसाठी वेगवेगळे उपक्रम’ असं लिहायला लावतात का? आमच्या वेळी त्याशिवाय टाचण मंजूर होत नसे.

नवी_इयत्ता

लिहायला लावतात. त्याचे वेगळे गुण असतात.

गणितवेडा

ही समजूत आता खरंच सोडून द्यायला हवी. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ह्या विषयावरचं संशोधन तपासलं. मुलाची शिकण्याची शैली ओळखून त्या शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, ह्याला आधार देणारा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. माध्यम ठरतं ते विषयावरून. नकाशा बघावाच लागतो, उच्चार ऐकावाच लागतो, कंपासने कोन काढायला हात चालवावाच लागतो, आणि हे सगळ्या मुलांना लागू आहे. एखाद्या मुलावर ‘हा श्राव्य’ असा शिक्का मारून त्याच्यापुढून आकृती काढून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. चित्र आणि शब्द दोन्ही सगळ्यांना द्या, वाद मिटला.

लेकीची_आई

आता सवड मिळाली. पालक म्हणून वह्यांबद्दल लिहायचं आहे.

लेकीच्या निबंधाच्या वहीत लाल शाईत शेरे असतात: ‘छान’, ‘अक्षर सुधार’, ‘अजून मेहनत हवी’, ‘१० पैकी ६’. ती पान उघडते, ६ बघते, वही मिटते. मी विचारलं, मेहनत हवी म्हणजे नेमकं काय करायचं गं? तिला सांगता येईना. मलाही येईना. निबंधात एक परिच्छेद खरोखर सुंदर होता आणि शेवटी तिने सगळं घाईत गुंडाळलं होतं, एवढं मलाही दिसत होतं. पण ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

शिक्षकांवर कामाचा किती भार असतो हे माहीत आहे, म्हणून तक्रार नाही. फक्त विचारते: ६ लिहायला आणि ‘शेवटचा परिच्छेद पुन्हा लिही, आजोबा परत आल्यावर घरात काय बदललं ते सांग’ हे लिहायला वेळेत खूप फरक पडतो का?

जुनी_पाटी

पडतो हो, चांगलाच पडतो. पण तुमचा प्रश्न रास्त आहे.

रूथ बटलर यांचं १९८८ सालचं संशोधन ह्याच विषयावर आहे. मुलांच्या एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरे, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची कामगिरी पुढे सुधारली आणि त्यांची आवडही टिकली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्या गटाला शेऱ्यांचा फायदा झाला नाही. तुमच्या लेकीने केलं तेच: आकडा बघितला, वही मिटली.

मग मी माझी पद्धत बदलली. सगळ्या वह्यांवर सगळं तपासायचं सोडलं. एका खेपेला एकच गोष्ट बघायची, समजा शेवट. तेवढ्यापुरतीच एक सूचना, तीही लगेच करता येईल अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वही परत दिल्यावर त्याच तासात पंधरा मिनिटं ती सूचना अमलात आणायला द्यायची. सूचना लिहिली आणि मूल पुढच्या धड्याकडे गेलं, तर आपली संध्याकाळ फुकट गेली समजायची. वर्गाच्या निम्म्या वह्यांत एकच चूक असेल तर ती तीस वेळा लिहायचीच नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यायची.

ह्यात वरिष्ठांची नाराजी पत्करावी लागते, कारण पानभर लाल शाई दिसली नाही की वह्या तपासल्या नाहीत असा समज होतो. तेवढी तयारी ठेवा.

मागचा_बाक

मी शिक्षक नाही. फक्त एक बाजू मांडायची आहे.

चुकीची उत्तरं सगळ्या वर्गापुढे घेणं खूप छान वाटलं, पण ते फार जपून करायला हवं. मी शाळेत असताना आमच्या एका शिक्षकांना चुकीची उत्तरं वाचून दाखवायची सवय होती. वर्ग हसायचा, तेही हसायचे. नाव घेत नसत, पण कुणाचं उत्तर आहे हे सगळ्यांना कळायचं. त्यानंतर मी त्या विषयात कधी हात वर केला नाही. प्रश्नच विचारायचा नाही असं ठरवून टाकलं, आणि तो विषय मला पुढे कायमचा अवघड राहिला. त्या दुसऱ्या बाईंनी ‘विचार करूनच काढलंय’ म्हटलं, त्या तीन शब्दांत सगळं आलं. मला तेव्हा एवढंच हवं होतं.

नवी_इयत्ता

मागचा_बाक, हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. आमच्या तक्त्यात ‘वर्गनियंत्रण’ आहे, ‘मूल चुकायला घाबरतंय का’ असा रकाना नाही. तो असायला हवा.

तास संपल्यावर मी त्या बाईंशी बोलले होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. चिटोरं मुलाच्या अक्षरात कधीच दाखवायचं नाही, उत्तर स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहायचं, कारण अक्षर वर्ग ओळखतो. आणि एखादी चूक एकाच मुलाची असेल तर ती त्या दिवशी फळ्यावर घ्यायची नाही, नंतर त्याच्यापाशी बसून बघायची. नाव न घालणं हा ह्यातला सगळ्यात छोटा भाग आहे म्हणाल्या.

दुसरं सांगायचंय ते थांबण्याबद्दल. मेरी बड रो ह्यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढलं की मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. माझ्या सराव पाठात मी विचारलं, “बर्फाचा तुकडा लोकरीत गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा?” आणि गप्प राहिले. तीन सेकंद वर्गात किती लांब वाटतात हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एका मुलाने लगेच “लवकर, लोकर गरम असते” म्हटलं. मी मान हलवली, बरोबर-चूक काही बोलले नाही, थांबले. मग खिडकीशी बसलेली मुलगी सावकाश म्हणाली, “पण लोकर स्वतः कुठे गरम असते? आत माणूस असतो म्हणून ऊब राहते. बर्फ गारच आहे, मग गारवाच आत राहील.” पहिल्या उत्तराला मी ‘चूक’ म्हटलं असतं तर तिचं उत्तर बाहेरच आलं नसतं. उत्तर आल्यावरचं थांबणंही रो ह्यांनी तितकंच महत्त्वाचं मानलंय, ते तेव्हा पटलं. (बर्फ प्रत्यक्ष गुंडाळून ठेवला होता, तासाच्या शेवटी सगळ्यांनी पाहिला.)

शंकेखोर

वा! ‘पण लोकर स्वतः कुठे गरम असते’ हे वाक्य ऐकायला मिळालं म्हणजे तो तास सार्थकी लागला.

एक सावधगिरी सुचवतो. तासाच्या शेवटी मुलांना आलं म्हणजे त्यांना ते आलंच, असं धरू नका. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे. म्हणून मी ‘आज काय शिकलो’ त्याच दिवशी फारसं विचारत नाही. दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात वह्या बंद ठेवून विचारतो. सुरुवातीची पाच मिनिटं, तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. गुण नाहीत, नोंद नाही. मुलांना ते आवडतं असा दावा करणार नाही, सुरुवातीला कुरकुर होतेच. पण महिन्याभरात फरक दिसतो.

जुनी_पाटी

शंकेखोर, अनुमोदन. आणि नवी_इयत्ता, मी वर साठ मुलांचा मुद्दा काढला, तो अडथळा म्हणून तसाच सोडून देणं बरोबर नाही, म्हणून लिहिते.

साठ चिटोरी वाचायची नसतात, फक्त वाटायची असतात. उत्तराच्या जागीच नजर टाकायची आणि तीन गठ्ठे करायचे: आलं, नेहमीची चूक, इतर. शिकवायचं ठरतं ते मधल्या गठ्ठ्यावरून. ‘इतर’मधल्यांना नंतर गाठायचं. तपासणी नाही, शेरा नाही, खूण नाही. पाच-सात मिनिटांत होतं, आणि तेवढ्यात मुलं पुढचं उदाहरण सोडवत असतात. तेही जमत नसेल तर फळ्यावर चार पर्याय लिहा आणि छातीशी धरून बोटं दाखवायला सांगा, एक बोट, दोन बोटं. छातीशी धरली की शेजाऱ्याची दिसत नाहीत. मात्र ‘तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम’ हे पक्कं ठरवून घ्या, नाहीतर सगळा वर्ग हुशार मुलाच्या हाताकडे बघतो.

आणि अर्धा राहिलेला घटक? तीन गठ्ठ्यांवरून कधी कधी असंही कळतं की निम्म्या वर्गाला हे येतंच आहे आणि आपण उगाच दोन तास घालवणार होतो. वेळ वाचतोही. हे मी आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

लेकीची_आई

तीन गठ्ठ्यांची कल्पना घरी लेकीच्या सरावाच्या कागदांवर वापरून बघणार. इथल्या सगळ्यांना धन्यवाद.

नवी_इयत्ता

जुनी_पाटी, छातीशी बोटं धरण्याची युक्ती वहीत उतरवून घेतली. पुढचा सराव पाठ अपूर्णांकांची तुलना असा आहे. टाचणात ‘समजलं का?’च्या जागी एक खरा प्रश्न घालायचाय, ज्याने वर्ग नीट वेगळा होईल. मी ‘३/४ मोठा की ५/८?’ असा घेतलाय. गणितवेडा, चालेल का?

गणितवेडा

एकटा पुरणार नाही. ज्यांना वाटतं ‘अंक मोठे तो अपूर्णांक मोठा’, ते ५/८ म्हणतील आणि सापडतील. पण ‘छेद लहान तो अपूर्णांक मोठा’ एवढंच पाठ असलेलं मूल ३/४ म्हणून सुटून जाईल. तिसरी एक जात आहे जी फार कमी जणांच्या लक्षात येते: अंश आणि छेदातला फरक बघणारी मुलं. ४ वजा ३ एक, ८ वजा ५ तीन, फरक कमी म्हणून ३/४ मोठा. तीही सुटतात.

म्हणून जोडीला दुसरा प्रश्न ठेवा: ‘२/५ मोठा, ५/८ मोठा की दोन्ही सारखे?’ इथे छेदवाले २/५ म्हणतील. फरकवाले ‘सारखे’ म्हणतील, कारण दोन्हीकडे फरक तीनच. अंकवाले दोन्ही वेळा ५/८ म्हणतील. समज पक्की आहे तेच पहिल्याला ३/४ आणि दुसऱ्याला ५/८ असं उत्तर देतील. दोन प्रश्नांत चारही गट वेगळे पडतात.

‘सारखे’ हा पर्याय पहिल्या प्रश्नातही ठेवा, नाहीतर दुसऱ्यात तो बघूनच मुलांना काहीतरी गडबड आहे असा वास येईल. उत्तरं चिटोऱ्यावर घ्या, बोटांवर नको, कारण दोन्ही उत्तरं एकत्र बघायची आहेत. आणि फरकवाल्यांसाठी १/२ आणि ९९/१०० हाताशी ठेवा. दोन्हीकडे फरक एकच, पण एक अर्धा आणि दुसरा जवळजवळ पूर्ण. पट्टी काढून त्यांनाच रंगवायला सांगा.